तालमीची गाडी

श्रोतेहो, तुमच्यापैकी जी मंडळी गिरण्यांच्या दिवसांत मुंबईस राहून गेली असतील, त्यांना लोअर परळ नव्याने सांगावयास नको. भोंगा झाला की माणसांचा लोंढा रस्त्यावर येई. आता गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या, भोंग्याची जागा मनगटावरच्या घड्याळाने घेतली. पण लोंढा मात्र आहे तसाच आहे. संध्याकाळी सहाच्या सुमारास ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे आमच्या जुन्या माणसांच्या डिलाईल रोडवर, उभे राहा आणि बसच्या ड्रायव्हरच्या जागी आपण बसलो आहोत अशी कल्पना करा. समोरची टॅक्सी कसलीही खूण न करता थांबते. डावीकडून एक दुचाकी आत घुसते. हातगाडीवाला ओझ्याखाली वाकलेला, त्याला मागचे दिसत नाही. स्टेशनाकडे धावणारी एक मुलगी फोनवर बोलत बोलत पदपथावरून खाली उतरते. हे सगळे दहा सेकंदांत घडते. आणि असे दहा-दहा सेकंदांचे तुकडे त्या ड्रायव्हरला पाळी संपेपर्यंत एकामागून एक पार करावे लागतात.

आता मला सांगा, या दहा सेकंदांत त्याने काय पाहिले आणि त्याच्या नजरेतून काय सुटले, हे कसे समजावयाचे? त्याला विचारले तर तो म्हणेल, "साहेब, माझे लक्ष होते." तो खोटे बोलत नाही. प्रत्येकाला आपले लक्ष होते असेच वाटते. बरे, परीक्षा घ्यावी म्हटले, तर बसपुढे मुद्दाम पोर सोडून काही ड्रायव्हरची परीक्षा घेता येत नाही. या अडचणीतून जे यंत्र निघाले त्याला सिम्युलेटर म्हणतात. मी आज त्याला तालमीची गाडी म्हणणार आहे. नाटकाची तालीम होते तशी ही रस्त्याची तालीम. चुकलात तर पडदा पडत नाही आणि कोणी मरतही नाही.

ही गाडी कशी असते ते सांगतो. खरीखुरी सीट, खरे स्टिअरिंग, ब्रेक, क्लच, अॅक्सिलरेटर. पुढे आणि दोन्ही बाजूंना पडदे. संगणक त्या पडद्यांवर रस्ता काढतो आणि तुम्ही स्टिअरिंग वळवाल तसा तो रस्ता वळतो. काही ठिकाणी सगळी केबिनच खाली बसवलेल्या यंत्राने हलते, म्हणजे ब्रेक दाबला की अंग पुढे झुकते. मुलांच्या जत्रेतल्या खेळासारखेच हे दिसते. फरक एवढाच की ही गाडी सगळे लिहून ठेवते. माणूस पडद्यावर दिसू लागला केव्हा, ड्रायव्हरचा पाय अॅक्सिलरेटरवरून उठला केव्हा, ब्रेकवर पडला केव्हा, किती जोराने पडला, याचा सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत हिशेब राहतो. जत्रेतला खेळ असा हिशेब ठेवीत नाही.

ही कल्पना तुम्हाला वाटते तितकी नवी नाही. तिची सुरुवात ट्रामपासून झाली, आणि ट्राम म्हटले की मला घरचीच गोष्ट आठवते. माझे आजोबा परळ-लालबागच्या रस्त्याने ट्राम हाकीत. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. आजोबा उभ्यानेच गाडी चालवीत आणि पायाने घंटा वाजवीत. ते शिकले कसे? जुन्या चालकाच्या शेजारी उभे राहून. दुसरी शाळा नव्हती. ट्राम रुळांवरून जाते, तिला बाजूला घेता येत नाही. म्हणून, ते म्हणत, सगळी करामत डोळ्यांची. कोणता माणूस रुळांवर येणार आणि कोणता नुसताच कडेने चालला आहे, हे आधी ओळखायचे.

नेमकी हीच गोष्ट १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी हेरली होती. तिकडे ट्रामखाली माणसे सापडत, आणि चांगला चालक कोणता, वाईट कोणता, हे अपघात होण्याआधी ओळखता येईल काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे आला. आधी वाटेल की छोटी ट्राम, छोटा रस्ता, बाहुल्यांची माणसे असा देखावा करावा. त्यांनी तसे केले नाही. खेळणे पाहून मनात खेळण्याचेच विचार येतात, असे त्यांचे मत. त्यांनी एक लांब पत्रे घेतले. मधोमध दोन जाड रेघा, ते रूळ. दोन्ही बाजूंच्या चौकटींत आकडे. १ म्हणजे पायी चालणारा, २ म्हणजे घोडागाडी, ३ म्हणजे मोटार. मोटार पायी माणसाच्या तिप्पट वेगाने जाते म्हणून ती तीन घरे सरकते असे धरायचे. काळा आकडा रुळांना समांतर जाणारा, त्याचे भय नाही. तांबडा आकडा रुळांच्या दिशेने जाणारा. चालकाने हातातला दांडा फिरवायचा, छोट्या खिडकीखालून पत्रे सरकत जायचे, आणि नेमका कोणता तांबडा आकडा रुळांवर येऊन पडणार तेवढाच सांगायचा. किती वेळ लागला आणि किती धोके सुटले, ते टिपून घ्यायचे.

आपल्या सारीपाटासारखाच प्रकार हा! ना पडदा, ना संगणक. तरी वर्षानुवर्षे ट्राम चालवलेल्या माणसांनी सांगितले की, हा दांडा फिरवताना आम्हाला गाडीवर उभे असल्यासारखेच वाटते. म्युन्स्टरबर्ग यांनी ही हकिकत १९१३ च्या आपल्या पुस्तकात दिली आहे. आजोबांना या साहेबाचे नाव कधी ठाऊक झाले नाही. पण काळ्या आणि तांबड्या आकड्यांतला भेद त्यांना कळत होता.

पुढचा टप्पा विमानाचा, आणि तो मला फार आवडतो, कारण त्यात आपल्या पेटीचा नातलग आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण वडिलांच्या ऑर्गन करण्याच्या कारखान्यात काम करी. ऑर्गन म्हणजे पेटीचाच मोठा भाऊ. भात्याच्या वाऱ्यावर वाजणारा. लिंकला विमान शिकण्याची हौस, पण शिकवणी महाग. त्याने १९२९ साली ऑर्गनच्या भात्यांवर एक छोटी लाकडी विमानाची केबिन बसवली. दांडा हलवला की भात्यांत वारा भरे, केबिन डोले, वर जाई, खाली येई. प्रथम लोकांनी तिचा उपयोग जत्रेतल्या पाळण्यासारखाच केला. पुढे १९३४ साली अमेरिकेच्या लष्कराकडे टपालाची विमाने सोपवली गेली, आणि ढगांत, अंधारात नुसत्या यंत्रांकडे पाहून उडवण्याची सवय नसल्यामुळे कित्येक वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी हजारो यंत्रे झाली. विमानाच्या बाबतीत तालमीवाचून कोणाला वर सोडायचे नाही, हे जगाने तेव्हापासून मान्य केले. बसच्या आणि ट्रकच्या बाबतीत मान्य करावयास पुष्कळ वर्षे लागली. विमान पडले की मोठी बातमी होते. ट्रक उलटला तर पंचनामा होतो.

आणि आकडा तर पाहा. केंद्र सरकारच्या हिशेबाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी १५,२२४ आपल्या महाराष्ट्रात. म्हणजे आपल्याकडे दिवसाला चाळीसच्या वर. एखाद्या गावातली चाळीस घरे डोळ्यांपुढे आणा.

आता मुंबईतच पवईला असलेल्या आय.आय.टी.कडे येऊ. तिथल्या स्थापत्य विभागात पुष्पा चौधरी आणि नागेंद्र वेलागा या संशोधकांनी अशाच गाडीवर एक अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. परवाना असलेले शंभर ड्रायव्हर त्यांनी बोलावले. शेतकरी बंधूंना हा प्रयोग लगेच समजेल. आपण दोन वाफे घेतो, बियाणे तेच, पाणी तेच, खत मात्र वेगळे; मग पिकात फरक पडला तो खताचा असे म्हणता येते. इथे रस्ता तोच, गाडी तीच, ड्रायव्हर तोच. फक्त फोन वेगळा. एकदा फोन नाही. एकदा साधे बोलणे. एकदा डोके चालवावे लागेल असे बोलणे. एकदा छोटा संदेश लिहिणे, आणि एकदा अवघड संदेश लिहिणे. आणि मध्येच पडद्यावर माणसे रस्ता ओलांडू लागतात. खऱ्या रस्त्यावर असे वाफे कधी पाडता येत नाहीत. घाटात एकच रहदारी दोनदा भेटत नाही.

काय निघाले? फोन नसताना ब्रेककडे जायला जो वेळ लागे, तो साध्या बोलण्याने शेकडा ४० नी वाढला. विचार करावयास लावणाऱ्या बोलण्याने शेकडा ९५ नी, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. साध्या संदेशाने शेकडा १३७ नी, आणि अवघड संदेशाने शेकडा २०४ नी वाढला, म्हणजे तिप्पट.

शिक्षकबंधुभगिनींनो, हे आकडे मुलांना नुसते सांगू नका, ते मैदानावर चुन्याने आखा. ताशी ५४ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला बरोबर १५ मीटर. हिशेबाला सोपे जावे म्हणून धरू की फोन नसताना ड्रायव्हरला एक सेकंद लागतो. मग ब्रेकला पाय लागण्याआधीच गाडी १५ मीटर गेली. साध्या बोलण्यात २१ मीटर. डोके चालवून बोलताना २९ मीटर. अवघड संदेश लिहिताना ४५ मीटरांच्याही पुढे. आणि लक्षात घ्या, गाडी थांबावयास अजून सुरुवातच झालेली नाही. थांबण्याचे अंतर याच्या पुढे मोजायचे. पंधरा मीटरांच्या रेघेवर एक मूल उभे करा, पंचेचाळीसच्या रेघेवर दुसरे. मुलांना पुढे काही समजावून सांगावे लागणार नाही.

यावर कोणी म्हणेल, आमचा ड्रायव्हर कानात यंत्र घालून बोलतो, हात मोकळे असतात. हात मोकळे असतील हो, डोके कुठे मोकळे आहे? साध्या आणि अवघड बोलण्यातला फरक पाहा. बोलण्याचा विषय तेवढा बदलला आणि उशीर चाळीसावरून पंचाण्णववर गेला. याच संशोधकांना असेही दिसले की फोनवर बोलणारे बरेच ड्रायव्हर आपण होऊन वेग कमी करतात. म्हणजे त्यांना मनातून धोका कळतो. पण ती सावधगिरी पुरी पडत नाही.

"मग शेजारी बसलेल्याशी गप्पा मारल्या तर?" हा प्रश्न मला एका श्रोत्याने मागे विचारला होता, आणि प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत यूटा विद्यापीठात तालमीच्या गाडीवर याचीही परीक्षा झाली, २००८ साली ती प्रसिद्ध झाली. ड्रायव्हरला सांगितले होते की अमुक विसाव्याच्या जागी गाडी बाहेर घ्यायची. शेजारी मित्र बसलेला असेल तर बहुतेकांनी ती बरोबर घेतली. मित्र फोनवर असेल तर पुष्कळ जण तसेच पुढे निघून गेले. कारण सोपे आहे. शेजारचा माणूसही रस्ता पाहत असतो. वळण आले की तो बोलायचा थांबतो, "अरे, सांभाळ" म्हणतो, फाटा दाखवतो. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही. तो आपला विचारतच राहतो.

गाड्यांमध्ये पूर्वीपासून पाटी असे, चालकाशी बोलू नये म्हणून. प्रवासी ती पाळीतही. आज चालकाशी बोलणारा गाडीत नसतोच. तो घरी ओट्यावर बसलेला असतो. तो मी असतो, तुम्ही असता. "कुठवर आलास? जेवलास का? बाजारात भाव काय फुटला? त्या सोसायटीच्या हप्त्याचे काय करायचे?" पहिले दोन प्रश्न साधे, पुढचे दोन अवघड. आपण मायेने विचारतो. तिकडे कुठे तरी गाडी पंधरा मीटरांच्या जागी एकोणतीस मीटर जाते.

तालमीच्या गाडीने ड्रायव्हरचे दोष तेवढे दाखवले असे मात्र नव्हे. माणसाचा स्वभाव तिने दाखवला आणि त्यावरून गाड्या सुधारल्या. जर्मनीत डाइम्लर-बेन्झ कंपनीने १९८५ साली बर्लिनमध्ये मोठी तालमीची गाडी उभारली. तिथे दिसून आले की संकटाच्या वेळी बहुतेक माणसे ब्रेकवर पाय झटकन टाकतात, पण पुरेशा जोराने दाबत नाहीत. मन कचरते. रोज हलक्या पायाने ब्रेक लावायची सवय, ती एका क्षणात मोडत नाही. यावरून एक युक्ती निघाली आणि १९९६ पासून मोटारींत बसू लागली: पाय किती झटक्याने पडला यावरून गाडीच ओळखते की प्रसंग बाका आहे, आणि उरलेला जोर स्वतः लावते. ड्रायव्हरला दोष देत बसले असते तर ही युक्ती कोणाला सुचली नसती.

झोपेचेही तसेच. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात ड्रायव्हर डोळे उघडे ठेवूनही पेंगतो. तालमीच्या गाडीत ते स्टिअरिंगमध्ये दिसते. गाडी पट्ट्यात सरळ न राहता हळूहळू डावी-उजवी डुलू लागते, मग एकदम हिसका बसून सरळ होते. उसाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टरमागे जाताना तुम्ही हे डुलणे पाहिले असेल. ते दिसले की ओलांडून जाऊ नये, मागेच राहावे. आणि तो ट्रॅक्टर आपलाच असेल, तर ट्रॉलीला मागे तांबडी चकाकणारी पट्टी लावावी. तिची किंमत उसाच्या मोळीएवढीही नाही.

डिझेलच्या बचतीचे थोडक्यात सांगतो. एस.टी.त दहा लिटरला किती किलोमीटर गाडी गेली, असा हिशेब ठेवतात. दूरवर शाळा सुटलेली दिसली की जो ड्रायव्हर तेव्हाच अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो, त्याचे डिझेल वाचते, ब्रेकही झिजत नाही. जो शेवटपर्यंत वेगाने जाऊन करकचून थांबतो, त्याचे दोन्ही जाते. एकच सवय पैसाही वाचवते आणि पोरेही. तालमीच्या गाडीवर ही सवय लावणे सोपे जाते, कारण प्रत्येक फेरीनंतर हिशेब समोर ठेवता येतो. फुकटचा उपदेश ड्रायव्हर ऐकत नाही, स्वतःचा हिशेब मात्र नीट वाचतो.

या यंत्राचे गोडवे गाताना त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. पुष्कळांना त्यात बसल्यावर मळमळते, भोवळ येते. डोळ्यांना गाडी धावताना दिसते आणि अंगाला ती उभीच आहे असे कळते, म्हणून. दुसरे, मरणाची भीती नसल्यामुळे काही जण खऱ्या रस्त्यावर करणार नाहीत ते धाडस इथे करतात. म्हणून जाणते संशोधक इथला सेकंद म्हणजे रस्त्यावरचा सेकंद असे म्हणत नाहीत. फोन असताना आणि नसताना यांतला फरक तेवढा खरा मानतात. तिसरे, आणि मला हे फार महत्त्वाचे वाटते, परदेशातून आणलेल्या पडद्यावर रस्ता गुळगुळीत आणि रिकामा असतो. त्यात उलट दिशेने येणारी दुचाकी नाही, बैलगाडी नाही, वरात नाही. अशा रस्त्यावर तयार झालेला ड्रायव्हर डिलाईल रोडवर काय करणार? तालीम एका नाटकाची आणि प्रयोग दुसऱ्याचाच, असे व्हायचे.

१ जुलै २०२१ पासून केंद्र सरकारचे नवे नियम लागू झाले. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग केंद्रात सिम्युलेटर आणि चाचणीचा वेगळा रस्ता असलाच पाहिजे, हलक्या गाडीचे शिक्षण २९ तासांचे आणि जड गाडीचे ३८ तासांचे, असे त्यांत म्हटले आहे. नियम चांगला आहे. यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवले तर मात्र त्याचा उपयोग देव्हाऱ्यातल्या घंटेइतकाच. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याला एका विजेच्या बसने रस्त्यावरची माणसे आणि वाहने चिरडली, अनेकांचे प्राण गेले. दोष कोणाचा, हे ठरवणे माझे काम नाही. पण तेव्हा सगळ्या मुंबईने एक प्रश्न विचारला: या नव्या जातीच्या गाडीवर हात बसण्यासाठी ड्रायव्हरला किती दिवस मिळतात? या गाड्यांना क्लच नाही, गिअर बदलावा लागत नाही. ज्याचा डावा पाय वीस वर्षे क्लचवर राहिला, त्याचा पाय घाबरल्या क्षणी जुनी जागा शोधणारच. ती सवय मोडायची तर ती गर्दीच्या रस्त्यावर मोडू नये, तालमीतच मोडावी.

प्रत्येक गावाला असे यंत्र मिळणार नाही, हे मी जाणतो. पण एक छोटी तालमीची गाडी प्रत्येक शाळेत आहेच. वर्गातली मीटरपट्टी घ्या. एका मुलाने ती वरून उभी धरायची, दुसऱ्याने खाली शून्याच्या खुणेजवळ अंगठा आणि बोट उघडे ठेवायचे, पट्टीला न लावता. पहिल्याने न सांगता सोडायची, दुसऱ्याने पकडायची. पट्टी १५ सेंटिमीटरवर पकडली तर साधारण पावणेदोन दशांश सेकंद लागले, २० सेंटिमीटरवर दोन दशांश, ३० वर अडीच दशांश. आता त्याच मुलाला सतराचा पाढा मोठ्याने म्हणावयास लावा, आणि पाढा चालू असताना पट्टी सोडा. दहा वेळा करा, आकडे फळ्यावर दोन ओळींत लिहा. पुष्कळदा पट्टी बोटांतून निसटून सरळ जमिनीवर पडेल आणि वर्ग हसेल. हसू द्या. मग विचारा, हात तर मोकळेच होते ना?

माझा एक पुतण्या नारायणगावहून वाशीच्या बाजारात टोमॅटोची गाडी घेऊन येतो. रात्री निघतो. पूर्वी त्याची आई तासातासाने फोन करी. काळजीने, दुसरे काय. हा पट्टीचा प्रयोग मी त्यांच्या पडवीत करून दाखवला. वहिनींनी स्वतः पट्टी धरली, पाढ्याऐवजी मी त्यांना घरातल्या देण्याघेण्याचा हिशेब विचारला, आणि पट्टी दोनदा खाली पडली. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. आता पोरगा माळशेज उतरून चहाला थांबतो तेव्हा तोच फोन करतो. तोपर्यंत वहिनी जाग्या असतात, फोन उशाशी असतो, पण त्या लावत नाहीत.